मॅडमचं मागून येईल

आमच्या गावी, गडबच्या घरी आई सगळ्यांना वाढून मग एकटी जेवायची. निदान एकदा तरी ती आमच्या पंगतीला बसावी, म्हणून मी तिला आणि बाबांना मुंबईत एका इटालियन हॉटेलात नेलं. बाबांची प्लेट आली, माझी आली, आईची येईना. आम्ही दोघं हात न लावता बसलो. पास्त्यावरचं चीज थिजलं. वेटर येऊन विचारतो, "आवडलं नाही का?" आईच्या पुढ्यातलं रिकामं टेबल त्याला दिसू नये? मी दाखवलं, तर म्हणाला, "तुम्ही सुरू करा, मॅडमचं मागून येईल." माझं डोकंच फिरलं. मागूनच जेवायचं होतं तर गडब काय वाईट होतं? मी त्याला झापणार, तेवढ्यात आई म्हणाली, "जेव गो तू. मला सवय हाय."