नानांनी आटवलेलं सोनं

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, जन्मभर जळगावच्या सराफ बाजारात कारागीर होते. मी प्रयोगशाळेत सोन्याचे इतके बारीक कण करते की त्यांचं पाणी लालभडक दिसतं, आणि त्या पाण्यानं कागदाच्या पट्टीवर रक्ताच्या थेंबातला सिकलसेल हा आनुवंशिक आजार ओळखता येतो, हे मी त्यांना कौतुकानं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, की मग सोनं परत कधी काढता? काढत नाही म्हटल्यावर ते ताटावरून उठले. सराफ्यात दुकानाचा केरसुद्धा धुऊन सोनं काढतात, आणि त्यांची लेक ते कागदाच्या पट्टीवर सांडून कचऱ्यात टाकते!

शिरपूरला डॉक्टरांपुढे आमच्या पट्टीची परीक्षा ठरली. पट्टी चालली तर काम पुढे, नाहीतर टेबल आवरायचं. पहाटेची एसटी गाठायची म्हणून आदल्या दुपारी लाल पाण्याची बाटली मी पिंप्राळ्याला घरी आणली, फ्रिजमध्ये ठेवली आणि जरा आडवी झाले. उठले तर नाना गॅसपाशी. बाटली पातेल्यात ओतून, वर सोनारकामातला नवसागर टाकून त्यांनी खळखळून उकळी आणली होती. लालाचं जांभळं होऊन गेलं होतं आणि तळाशी काळा गाळ बसला होता.

"बठ्ठं वाया जाई ऱ्हायनं व्हतं," नाना समाधानानं म्हणाले. "मी काढी लिधं."

मला रडू कोसळलं. आईनं नानांना जे सुनावलं ते छापण्यासारखं नाही. शेवटी त्यांनाच स्कूटरवर मागे बसवून मी पुन्हा प्रयोगशाळा गाठली. सोन्याचं पिवळं पाणी उकळलं, त्यात क्षार घातला. रंग उडाला, पाणी काळवंडलं आणि बघता बघता लाल झालं. नाना वाकून बघत होते. मग हळूच विचारलं, यात सोन्याची घट किती धरतात? मी चिडून बाटलीचं बूच घट्ट लावलं.

पहाटे ते हट्टानं बरोबर आले. बाटली त्यांच्या मांडीवर होती, आणि अमळनेर येईपर्यंत तिच्यात काय आहे ते कंडक्टरसकट अख्ख्या गाडीला कळलं होतं.

शिरपूरला पहिली तपासणी पाड्यावरून आलेल्या एका बाईंची होती. त्यांच्या भावाला सिकलसेल होता, त्यामुळे त्या घाबरून बसल्या होत्या. एक रेघ उमटली तर पट्टी ठीक, दुसरीही उमटली तर आजार. पहिली लाल रेघ दिसली आणि मी सुटकेचा श्वास सोडला. माझं काम वाचलं होतं. नाना मात्र चष्मा सारखा करून पट्टीवर वाकलेलेच. कसोटीच्या दगडावर सोन्याची रेघ उमटली की आयुष्यभर खूश होणारा हा माणूस आता पुटपुटत होता, "दुसरी नको येवाले."

डॉक्टरांनी वेळ संपल्याचं सांगितलं. दुसरी रेघ आली नव्हती. मी तोंड उघडायच्या आत नाना त्या बाईंना म्हणाले, "अक्का, घाबरू नका. तुमनं रक्त बावनकशी शे."