चाळीस अक्षरं

राजाभाऊ सबनीसांकडे पाहुणा आला की आधी चपला कुठे काढायच्या याचा नियम ऐकायचा आणि मग त्याला चहा मिळायचा. माणूस वाईट नव्हता, पण नियमाच्या बाबतीत सख्ख्या भावाचीही गय करणारा नव्हता. शहाऐंशी साली सांगलीहून दिल्लीत आले, एका सरकारी खात्याच्या संगणक विभागात तीस वर्षं घासली, मयूर विहारच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं आणि निवृत्त झाले. शेजाऱ्यांच्या लेखी ते लिफ्टच्या देखभालीवरून भांडणारे अंकलजी. त्यांचं खरं आयुष्य भलतीकडेच चाललं होतं आणि ते बायको नीलाताईंखेरीज तिथे कोणाला ठाऊक नव्हतं.

जगभरातल्या हजारभर हौशी लोकांनी मिळून एक ऑपरेटिंग सिस्टीम बांधली आहे. हे लोक पैसे न घेता बांधतात, पैसे न घेता वाटतात, आणि भांडतात मात्र भांडणाचा पगार मिळत असल्यासारखे. तिचा एक लहानसा भाग अठरा वर्षं राजाभाऊंकडे होता. तो म्हणजे जुना इन्स्टॉलर, कोऱ्या मशीनमध्ये ती सिस्टीम बसवून देणारा प्रोग्रॅम. त्यात चित्रं नाहीत, माऊस नाही. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, बाण दाबत पुढे जायचं. दिसायला अगदीच दरिद्री, पण भंगारात निघालेल्या मशीनवरही चालायचा. यमुनेच्या खादरात, म्हणजे पुराच्या पट्ट्यात, भाजी पिकवणाऱ्यांच्या मुलांसाठी एक शाळा आहे, तिथली अकरा मशीनं राजाभाऊंनी लिलावातून आणून अशीच उभी केली होती.

गुरुग्रामच्या एका कंपनीत काम करणारा, मूळ पुण्याचा सिद्धांतही याच प्रकल्पात होता. त्याला आणि बऱ्याच तरुणांना नवा, चित्रांचा इन्स्टॉलर हवा होता. नवा देखणा होता खरा, पण त्याला चौपट मेमरी लागायची. ईमेलवर तीन वर्षं वाद चालला. सिद्धांतने एकदा सरळ लिहिलं होतं, "काका, जुना सांभाळणारे तुम्ही एकटे. उद्या तुम्हाला काही झालं तर?" राजाभाऊंनी उत्तर दिलं, "उद्याचं उद्या." बोलायला काय जातं.

शेवटी प्रकल्पाने निर्णय दिला. नव्या प्रकारच्या डिस्क जुन्या इन्स्टॉलरला दिसत नव्हत्या. तीस एप्रिलपर्यंत कोणीतरी हा दोष दुरुस्त करून, आपली सही लावून, पुढची जबाबदारी घेतली तर जुना राहील, नाहीतर जाईल. राजाभाऊंनी फेब्रुवारीतच दुरुस्ती केली. दोन दिवस तपासू आणि मग सही लावू, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून ब्रश पडला आणि पाठोपाठ तेही.

उजवा हात महिन्याभरात परतला, वाचा मात्र अर्धीच परतली. मनात शब्द स्वच्छ दिसायचा आणि तोंडातून दुसराच निघायचा. चहा हवा असला की ते "चप्पल" म्हणायचे आणि आपण चुकलो हे त्यांचं त्यांनाच आधी कळायचं. ते कळणं फार वाईट होतं.

त्याहून मोठा घोटाळा सहीचा झाला. प्रकल्पात प्रत्येकाची सही म्हणजे त्याच्या मशीनमधली एक गुप्त किल्ली, आणि ती उघडायला लांबलचक पासवर्ड. राजाभाऊंनी पासवर्ड कधी कागदावर उतरवला नाही, कारण लिहिलेला पासवर्ड म्हणजे दारावर टांगलेली किल्ली, असं ते सगळ्यांना ऐकवायचे. त्यांचा पासवर्ड होता लहानपणच्या सांगली–तासगाव एसटीचे सगळे थांबे, ओळीने. माधवनगर, बुधगाव, कवलापूर इथपर्यंत गाडी यायची आणि पुढे रस्ताच नसायचा. बोटं रोज तिथेच थांबायची. नीलाताईंनी नकाशा काढून दिला, पण नकाशात गावं होती, थांबे नव्हते. आंब्याच्या झाडाचा एक थांबा होता, एक कोणाच्या तरी मळ्याचा होता, आणि ते सांगणारं आता सांगलीत कोणी उरलेलं नव्हतं.

उपाय एकच होता, नवी किल्ली बनवणं. पण नवी किल्ली प्रकल्प तेव्हाच मानतो, जेव्हा एखादा जुना सदस्य तुम्हाला समोरासमोर भेटतो, ओळखपत्र पाहतो, आणि तुम्ही स्वतः आपल्या कागदावरून त्या किल्लीची चाळीस अक्षरं मोठ्याने वाचून दाखवता. चार-चारचे दहा गट, आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिसळलेली. या नियमाचे दिल्लीतले सर्वांत कडक पहारेकरी खुद्द राजाभाऊच होते. नऊ वर्षांपूर्वी कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनाच्या कॅन्टीनमध्ये सिद्धांत त्यांच्यासमोर बसला होता. कागद घरी विसरला होता म्हणून फोनवरून वाचू लागला. "फोनमध्ये कोणीही काहीही बदलेल," असं म्हणून राजाभाऊंनी त्याला थालीपीठ खाऊ घातलं आणि सही न देता परत पाठवलं. पुढच्या रविवारी तो पोरगा गुरुग्रामहून पुन्हा आला, कागदावरून वाचून गेला, आणि तेव्हा कुठे राजाभाऊंनी आपल्या किल्लीने त्याच्या किल्लीची हमी दिली.

आता दिल्लीत हमी देणारा जुना सदस्य तोच एक उरला होता. नीलाताईंनीच त्याला फोन केला. तो लगेच म्हणाला, "काकू, संडेला येतो. बिल्कुल टेन्शन नका घेऊ."

तीन आठवडे राजाभाऊ रोज सकाळी नव्या किल्लीच्या चाळीस अक्षरांची चिठ्ठी घेऊन बसले. फार तर चार गट नीट निघायचे. एकदा सहा निघाले, तेव्हा नीलाताईंनी शिरा केला.

रविवारी सिद्धांत आला. चपला जागेवर काढल्या, बशीतल्या मठरीला हात न लावता ओळखपत्र पाहिलं, मग ताडून पाहायला किल्लीच्या अक्षरांची आपली यादी उघडली. "वाचा काका. घाई नाही."

"सात," राजाभाऊ म्हणाले. पुढे बी होता. त्यांना बी दिसत होता, तो बी आहे हे कळत होतं. "पाच," ते म्हणाले.

सिद्धांत यादीकडे बघत राहिला. राजाभाऊंनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. "सात. पाच." मग "सात. चप्पल." कपाळावर घाम आला. नीलाताईंनी पदराने तो पुसला तसा राजाभाऊंनी त्यांचा हात झटकला. चौथ्या खेपेला 'सात'ही येईना.

"काका, राहू दे," सिद्धांत हळूच म्हणाला. "मी तुम्हाला दस साल से ओळखतो. काकू वाचतील, मी सही करतो. कोण बघतंय, यार."

नीलाताईंनी चिठ्ठीकडे हात नेला. राजाभाऊंनी चिठ्ठीवर पंजा ठेवला आणि मान हलवली.

"अहो, आता तरी हट्ट सोडा," नीलाताई म्हणाल्या. "अठरा वर्षं जीव टाकलात त्यात. हा मुलगा स्वतःहून देतोय."

पंजा हलला नाही. मग त्या सिद्धांतकडे वळल्या. "त्यांची दुरुस्ती तयार आहे. तूच टाक ना तुझ्या सहीने."

सिद्धांतने मान खाली घातली. "काकू, ज्याची सही, तो पुढची चार-पाच वर्षं त्याला बांधलेला असतो. मी तीन साल ते काढा म्हणतोय. माझ्याने होणार नाही, खोटं कशाला बोलू? ईमेलच्या लिस्टवर विचारलं होतं मी, कोणी घेतंय का म्हणून."

"मग?"

"जुना ठेवा म्हणून एकोणीस जणांनी लिहिलं होतं. घेतो असं एकानेही लिहिलं नाही."

"म्हणजे खोटी सही द्यायला तयार आहेस, ओझं घ्यायला नाही," नीलाताई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. सिद्धांतला ते लागलं, कारण ते खरं होतं.

राजाभाऊंना हट्टी म्हणणं सोपं आहे, मीही म्हटलं असतं. पण एक गोष्ट त्यांनी नीलाताईंनाही सांगितली नव्हती, आणि सांगायला शब्द तरी कुठे होते. मागच्या आठवड्यात त्यांनी ती फेब्रुवारीतली दुरुस्ती उघडून पाहिली होती. ओळी त्यांच्याच होत्या, पण तिसऱ्या ओळीपाशी पहिलीचा अर्थ निसटत होता. सगळी दुपार ते त्याच पानावर बसून होते. खादरातल्या शाळेतल्या बाई यांना इंजिनीअर समजतात आणि यांनी दिलेली इन्स्टॉलरची डिस्क डोळे झाकून लावतात. ती सही म्हणजे इतकंच वचन असतं की हे मी तपासलंय, बिघडलं तर मी निस्तरेन. राजाभाऊंना आता तसं वचन देता येत नव्हतं. चाळीस अक्षरं वाचता आली असती तर कदाचित त्यांनी स्वतःलाच फसवलं असतं. नियमाने त्यांना तेवढं करू दिलं नाही.

त्यांनी चिठ्ठीची घडी घातली आणि खिशात ठेवली. जाताना सिद्धांतने खाली वाकून पायांना हात लावला. राजाभाऊंनी त्याच्या पाठीवर थोपटलं आणि "चहा" म्हणाले. शब्द स्पष्ट उमटला होता, पण त्यांना म्हणायचं होतं ते वेगळंच काही होतं.

तीस एप्रिल आला आणि गेला. दोन तारखेला ईमेल आला की जुना इन्स्टॉलर सिस्टीममधून काढून टाकला आहे, सबनीसकाकांचे अठरा वर्षांच्या कामाबद्दल आभार. खाली सिद्धांतचं नाव आणि त्याची सही होती.

राजाभाऊंनी तो दोनदा वाचला. मग अठरा वर्षांच्या सवयीने सही तपासायचं बटण दाबलं. कोणाचंही, कितीही ओळखीचं पत्र असो, तपासल्याशिवाय खरं मानायचं नाही, हा त्यांचाच धडा होता. मशीनने क्षणभर विचार केला आणि हिरव्या अक्षरात उत्तर दिलं.

सही खरी आहे. या माणसाची हमी: राजाराम सबनीस.

नीलाताई चहा घेऊन आल्या तेव्हा ते पडद्यावरच्या आपल्या नावावर बोट ठेवून ते मोठ्याने वाचायचा प्रयत्न करत होते. पुन्हा पुन्हा दुसरंच कुणाचं तरी नाव येत होतं.