नागपूरची हवा, सौंसरच्या विहिरी

माणूस गेला की त्याचे किस्से वाढायला लागतात. दादाच्या तेरवीला जेवढे होते, त्याच्या दुप्पट आता झालेत. बसस्टँडवर चहाला थांबलो की कोणीतरी पाठीवर हात ठेवतो आणि म्हणतो, "तुह्या भावाचा एक किस्सा सांगू का?" मी म्हणतो, सांग. तेवढा वेळ तरी रडू येत नाही.

दादा विहिरीत पडलेल्या पाण्याच्या मोटारी काढायचा. सौंसर, पांढुर्णा, तिगाव, सगळीकडून बोलावणं यायचं. आमची चौघांची टोळी. पाण्यात दादा, दोरीवर शेषरावकाका, मोटार दुरुस्तीला वायंडिंगच्या दुकानातला बंडू, आणि सामान उचलायला मी. इतक्या विहिरींनी दादाला कधी काही केलं नाही. डेंग्यूच्या एका डासानं नेलं.

आता त्याचा हवेचा सिलिंडर माझ्याकडे आहे आणि मला त्याच्यासारखं एकट्यानं उतरायचं आहे. आई नाही म्हणते. काका म्हणतात, "पाहू."

*

आधी दादा नुसता श्वास कोंडून उतरायचा. मग मालवणला जाऊन समुद्रात स्कूबा शिकून आला. आई म्हणाली, "इथं विहिरी कमी पडून राहिल्या का तुले?"

येताना जुना सिलिंडर घेऊन आला, आणि त्याच्यासोबत एक लहानसा, वेगळ्या नळीचा. बंडूनं विचारलं, "हे पिल्लू कायले?"

दादा म्हणाला, "तिथं दोघं-दोघं उतरतात. एकाची हवा बंद पडली तं दुसरा देते. इथं माह्यासोबत कोण उतरते? तू?"

बंडूला पोहता येत नाही. त्यानं त्या लहान सिलिंडरचं नाव 'वहिनी' ठेवलं. दादा विहिरीकडे निघाला की हा रस्त्यावरून ओरडायचा, "वहिनीले घेतलं का?" आई आतून म्हणायची, "खरी सून येईपर्यंत हिलेच नीट सांभाळ."

*

सिलिंडर भरायला दादा नागपूरला जायचा. आमच्या गल्लीतल्या पंक्चरवाल्याला त्याचा फार राग.

"माह्या हवेत काय किडे हायेत?"

"किडे नाही, तेल हाय. मशीनचं तेल छातीत जाते."

"मंग बरंच हाय की. गुळगुळीत जाईन."

एकदा परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं सिलिंडर पाहिला आणि दादाला उतरवायलाच निघाला. "याच्यात काय हाय?"

"हवा."

"नागपूरवरून?" कंडक्टर सगळ्या बसकडे वळून म्हणाला, "पाहा बावा, सौंसरची संपली."

*

तिगावचा एक शेतकरी फार घाईचा. दादानं नेहमीप्रमाणे स्टार्टरचा फ्यूज काढला, कारण मोटार पाण्यात, दादाही पाण्यात, आणि वर कोणी बटण दाबलं तर संपलं. शेतकरी म्हणाला, "कायले वेळ घालवून राहिला? कोणी नाही दाबत. माह्यावर भरोसा नाही का?"

"हाय ना," दादा म्हणाला. "मी वर येतपर्यंत तुम्ही शेवटच्या पायरीवर बसा. पाय पाण्यात टाकून."

शेतकरी बसला. थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग उठला आणि गेला खांबाकडे, मेन स्विचही बंद करून आला.

*

हवेचे दादा तीन भाग करायचा. एक जायला, एक यायला, आणि एक तसाच परत आणायचा. पांढुर्ण्याला एकदा एका संत्र्याच्या बागेत मोटारीला दोर बांधून होत आला होता आणि हवेचा काटा तिसऱ्या भागावर आला. दादा तसाच वर. बागवाला चिडला.

"हवा उरली ना अजून?"

"उरली."

"मंग?"

"ते तुमच्या मोटारीची नाही. माह्या आईची हाय."

दुसऱ्या दिवशी मोटार निघाली, तेव्हा बागवाल्यानं आईसाठी संत्र्यांची पेटी दिली. ती बंडूनं रस्त्यातच अर्धी केली.

*

माझं शिक्षण संत्री धुवायच्या हौदात झालं. पाण्याखाली डोळे मिटून मास्क काढायचा, पुन्हा लावायचा, आणि घाबरायचं नाही. एकटा असलास की घाबरणंच मारते, असं दादा म्हणायचा. मी मास्क काढला, नाकात पाणी गेलं आणि मी हातपाय झाडायला लागलो. मेलो, मेलो म्हणून ओरडत होतो.

दादा काठावर संत्रं सोलत बसला होता. म्हणाला, "उभा राय."

उभा राहिलो. पाणी कमरेइतकं होतं.

*

गेल्या आठवड्यात रामाकोन्याहून श्यामरावांचा निरोप आला. मोटार तळाला, बाग सुकून राहिली. या वेळी काका म्हणाले, "चाल."

मी काहीच घाई केली नाही. फ्यूज काढला. मेन स्विच पाहिला. काटा पाहिला, दोन्ही नळ्यांतून श्वास घेऊन पाहिला. कुठे अडकलो तर कापायला चाकू मांडीला बांधला. श्यामरावांच्या आईनं मला कुंकू लावलं, नारळ फोडला. बंडूनं वहिनीची पट्टी दोनदा ओढून पाहिली. मी पाण्याजवळच्या पायरीवर बसलो.

दोरी सैल सोडण्याआधी काका दोन प्रश्न विचारतात. उतरणाऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, ते त्यांना उत्तरावरून कळतं.

"खाली कोण जाऊन राहिलं?"

"मी."

"वर दोरी कोणाच्या हातात हाय?"

"दादाच्या," मी म्हटलं.

काका दोन पायऱ्या उतरून आले आणि माझ्या कमरेची गाठ सोडायला लागले.

श्यामराव वरून वाकले. "काय बिघडलं, काका? हवा कमी हाय का?"

"हवा भरपूर हाय," काका म्हणाले. "तुमच्याकडे आज भाजी कोणती केली?"