पाचव्या मजल्यावरचं रत्न

२००६ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, शाळा चौथीपर्यंत, आणि माझ्याइतका हट्टी माणूस सिंगापुरात दुसरा नाही याचा मला अभिमान होता. तो बिशान भागातल्या आमच्या ब्लॉकमधल्या पाचव्या मजल्यावरच्या वसईकरांनी मोडला.

हा ख्रिस्ती म्हातारा भर उकाड्यात लोकरीची टोपी घालायचा, लिफ्टमध्ये शिरताना क्रुसाची खूण करायचा आणि बाहेर पडल्यावर लिफ्टला थँक्यू म्हणायचा. खिशात कायम गाठ मारलेला मळका रुमाल. त्यात म्हणे साधूचं रत्न. मग रोज सकाळी ब्लॉकखालच्या बाकावर तीच गोष्ट: पोरगा ख्रिस्ती होईल या धास्तीने राजाने त्याला महालात कोंडलं, म्हातारपण, आजार, मरण काही दिसू नये म्हणून. तर एक ख्रिस्ती साधू जवाहिऱ्याचं सोंग घेऊन आला. पहारेकऱ्याला म्हणाला, रत्न फक्त स्वच्छ डोळ्यांना दिसतं. असा आत शिरला आणि राजपुत्राला बाप्तिस्मा देऊन मोकळा.

"आमच्याकडे याला भामटा म्हणतात," मी म्हणायचो. "आणि महाल सोडणारा राजपुत्र आमचा. सिद्धार्थ. गोष्ट उचललीत तुम्ही."

"मग दोघांचा समजा, सातारकर. रत्न बघता?"

"दगडं पुष्कळ बघितलीत."

हट्टाने वर्षभर बघितलं नाही.

एका रविवारी आम्ही दोघं कॉफीला गेलो तर हॉकर सेंटर, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांचा बाजार, तुडुंब. इथे टेबलावर टिशूचं पाकीट ठेवलं की जागा आपली. माझ्याकडे पाकीट नव्हतं. म्हटलं, "द्या ते रत्न, एकदा तरी कामाला येऊ दे," आणि रुमाल ओढून टेबलावर ठेवला. कॉफी घेऊन परतलो तर टेबल लखलखीत. पुसणाऱ्या आंटीने तो चिंधी समजून टाकला होता आणि कचऱ्याची गाडी निघून गेली होती.

"दगडच होता ना?" मी हसून म्हटलं.

"ठाऊक नाही. मी इकडे निघालो तेव्हा बायकोने बांधून दिलं. परत आलात की दोघं मिळून गाठ सोडू, म्हणाली. मी परत जायच्या आत तीच गेली."

कॉफी तशीच टाकून ते घरी गेले.

माफी मागणं माझ्या रक्तात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडीतला एक खडा उचलला, धुतला, माझ्या रुमालात बांधला आणि पाचवा मजला गाठला. दार त्यांनीच उघडलं. डोक्यावर टोपी नव्हती.

"लांबून आलोय," मी म्हटलं. "जवाहिऱ्या आहे. डोळे स्वच्छ असतील तर रत्न दाखवतो."

त्यांनी रुमाल हातात घेतला.

"गाठ ढिली आहे तुमची," म्हणाले, आणि ती दातांनी ओढून घट्ट करत टोपी शोधायला आत गेले. मी खाली जाऊन बाकावर त्यांची जागा धरली.