पाय दाखवायला पुण्याला

फलटणहून सकाळची विनाथांबा एसटी पकडली तेव्हा घरी सांगितलं होतं, साड्या बघायला चाललेय. साफ खोटं! मी निघाले होते पाय दाखवायला. दोन महिने झाले, रात्री झोपेत डाव्या पोटरीत असा गोळा येतो (डॉक्टर याला पेटका म्हणतात) की उशी तोंडात धरून कण्हते. माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, डावाच पाय दोन वर्षांपूर्वी गुडघ्याखालून काढला. त्याचंही पोटरी दुखण्यानेच सुरू झालं होतं. सांगणार कुणाला? खिडकीशी बसून सारखी पोटरी चाचपत होते.

दिवे घाट उतरताना खाली पुणं दिसलं. एरवी शेजारणीला हौसेने दाखवलं असतं. आज वाटलं, तिथेच कुठेतरी माझा निकाल लागणार. घसा कोरडा पडला होता. पण प्रवासात पाणी प्यायचं नाही, हा आम्हा बायकांचा नेम. प्यायलं तर जायचं कुठे?

स्वारगेटला रिक्षावाल्याला मार्केट यार्डाजवळचा पत्ता सांगितला.

“एवढ्यासाठी रिक्षा?” त्याने पेपरातून मान वर काढली नाही. “चालत जा की. पाय आहेत ना?”

मेल्याला काय ठाऊक! डोळ्यांत टचकन पाणी आलं. चालू लागले.

मार्केट यार्डाच्या फाटकाशी मेथीच्या जुड्या रचल्या होत्या. वास सुंदर सुटला होता, आणि तिथेच पहिल्यांदा दिवसाढवळ्या गोळा आला. “अगं आई गं!” म्हणत पोत्यावर बसले. संपलंच सगळं, असं वाटलं. भाजी विकणारी एक म्हातारी उठून आली.

“पाय लांब करा बाई. गुडघा ताठ. आता चवडा आपल्याकडं वढा.” तिनेच माझी चप्पल काढली, चवडा वर ओढून धरला, पोटरी चोळली. हळूहळू गोळा सुटला.

“मला बी येतो,” ती म्हणाली. “दिसभर उभं ऱ्हायचं अन् पाणी प्यायचं न्हाई. मोरी लई लांब हाय.”

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पाय निरखले, पावलावर बोटं टेकवली.

“पावलातली नाडी ठणठणीत आहे.”

“पण माझ्या दादाचा पाय...”

“त्यांना साखर? विडी?”

“दोन्ही.”

“आणि आपल्याला?”

“छे हो! साखर परवाच तपासली.”

“मग त्यांचं दुखणं आपण कशाला वाहताय?”

मी रडले. चक्क हमसून रडले. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला आणि विचारलं, “दिवसभरात किती पिता?” मी शिक्षिका. शाळेत बायकांसाठी धड संडास नाही, त्यामुळे दहा ते पाच उभी राहून शिकवते ती घोटभरही न पिता. तसं सांगितलं.

“पेटक्याचं नेमकं कारण पुष्कळदा सापडत नाही,” त्या म्हणाल्या. “आपण मात्र कारणं जमवून ठेवली आहेत.” रक्त तपासायला घेतलं. झोपण्याआधी भिंतीला हात टेकून, टाच जमिनीवर ठेवून पोटरी ताणायची, गोळा आलाच तर चवडा वर ओढायचा, पाय सुजला किंवा लाल झाला तर लगेच यायचं आणि पाणी प्यायचं, असं बजावलं.

परतीच्या गाडीत बसण्याआधी मी अख्खी बाटली रिकामी केली. व्हायचं तेच झालं. घाट चढून वर येईपर्यंत जीव मेटाकुटीला आला. थांबवा म्हटलं तर सगळी गाडी ऐकेल, या विचाराने कान तापले. मग पोटरीतला तो गोळा आठवला, आणि उठलेच.

“अहो कंडक्टर, पेट्रोल पंपावर गाडी थांबवा. मला जायचंय.”

“विनाथांबा आहे बाई!”

“गाडी असेल. मी नाही.”

कुरकुरत का होईना, त्याने घंटी दिली. मी उतरले, वळून पाहिलं, तर माझ्या मागून सात बायका उतरत होत्या. इतकी वर्षं आम्ही मांडीला मांडी लावून प्रवास केला, आणि एकीनेही तोंड उघडलं नव्हतं.