टचपॅडला लावलेलं कुंकू

लॅपटॉप घरात आला त्या वर्षी आईने दसऱ्याला त्यालाही पूजेत बसवलं. विळा, खुरपी, फवारणीचा पंप, वजनकाटा आणि शेवटी माझा लॅपटॉप, अशी ओळ. मी दारात झेंडूची तोरणं बांधत होते. झेंडू आमच्याच शेतातला, त्यामुळे हात आखडायचं कारण नव्हतं. आत येऊन बघते तर टचपॅडच्या बरोब्बर मधोमध ओलं हळदीकुंकू आणि वर अक्षता.

पुसून चालू केला. बाण फिरत होता, पण टचपॅडवर बोटाने टकटक केली की काही उघडायचंच नाही. माझं डोकं फिरलं.

"घाल अजून कुंकू. नारळ पण फोड त्याच्यावर."

आई पदराला हात पुसत स्वयंपाकघरात गेली. सकाळीच नवी साडी नेसली होती बिचारी. पाच वाजता परदेशातून ताईचा व्हिडिओ कॉल येणार होता आणि आठ दिवसांची नात आई पहिल्यांदा बघणार होती.

मी कापूस फिरवला, टेबलफॅन लावला, बंद करून चालू केला. माउस आणावा तर सणामुळे दुकानं बंद. फुलं विकून आलेले दादा, म्हणजे वडील, डोकावून म्हणाले, "ट्रॅक्टर असता तर धक्का मारला असता." मला हसूही येईना.

पाचला कॉल वाजायला लागला. हिरव्या खुणेवर बाण नेऊन मी टकटक करतेय, करतेय, आणि तो आपला वाजतोय. मला रडू फुटलं. तेवढ्यात आई मागून आली.

"त्याला थोपटून झोपवती का काय? खाली बटण हाय ना."

तिने अंगठ्याने टचपॅडखालचं बटण दाबलं आणि कॉल लागला. आई पहिल्यापासून बटणच दाबायची, टकटक तिला कधी जमलीच नाही. मी तिला त्यावरून हसायचे, आणि बटण असतं हेच विसरून गेले होते. पडद्यावर दुपट्यातलं लालबुंद तोंड आलं. ते जांभई देत होतं. आम्ही तिघं वेड्यासारखे हसत सुटलो. दादांनी तर पडद्यालाच झेंडूचं फूल दाखवलं.

कॉल संपल्यावर मी सेटिंग उघडली. आदल्या दुपारी मीच अपडेटला 'हो' म्हटलं होतं. त्यात टकटकीपुढची बरोबरची खूण निघून गेली होती. खूण केली, सगळं सुरळीत. कुंकवाचा काडीचाही संबंध नव्हता. तोंड पाडून आईला सांगितलं.

"म्हाईत हाय मला. विहिरीवरच्या मोटारीला दर दसऱ्याला लावते, एकदाबी पाणी थांबलं नाय."

मी आपट्याचं सोनं तिच्या हातात ठेवलं आणि पाया पडायला वाकले. तिने आशीर्वादाचा हात डोक्यावर ठेवला, मग एका बोटाने दोनदा टकटक केली.

"उघडलं का काही?"