बाबांच्या तळहाताखालचं भुंकणं

एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. लामा पळून गेला नव्हता.

हे लिहितानाही समोर येतो तो बाबांचा हात. कोथरूडच्या आमच्या तळमजल्यावरच्या घरात, सकाळच्या मऊ उन्हात, आरामखुर्चीच्या कडेवरून खाली सोडलेला सुरकुतलेला उजवा हात; आणि त्याखाली मधाच्या रंगाच्या लांब, रेशमी केसांचा, संथ श्वास घेणारा एक ढीग. लामा म्हणजे आमचा ल्हासा आप्सो जातीचा कुत्रा. दाराशी पाऊल वाजण्याआधीच त्याचं अंग ताठ होई, आणि तो भुंकला की ते भुंकणं ठार बहिऱ्या झालेल्या बाबांच्या तळहातात उतरे. ‘कुणीतरी आलंय,’ म्हणत ते उठत. ऐकणं केवळ कानांचं असतं असं समजणाऱ्या आपल्याला त्या श्रवणाची काय कल्पना!

बाबा निवृत्त भूगोलशिक्षक. नाशिकच्या पलीकडे कधी गेले नाहीत, पण तिबेटातल्या ल्हासाचं वर्णन असं करत की जणू कालच तिथून परतलेत. हिमशिखरांच्या कुशीतले मठ, धुपाच्या धुराने काळवंडलेले सभामंडप. बाहेर अंगणात साखळदंडाला बांधलेले धिप्पाड रक्षक कुत्रे आणि आत, उंबऱ्याशी, हा वीतभर उंचीचा जीव. अनोळखी पाऊल आधी ओळखायचं ते यानं. गर्जायचं मग त्या थोराडांनी. मुक्ती थोडक्यात हुकलेले भिक्षू पुन्हा माणूस होण्याआधी एक जन्म याचा घेतात, अशी म्हणे तिकडची श्रद्धा. आणि हे कुत्रं विकायची रीत नव्हती. ज्याचं भलं चिंतायचं, त्याला ते भेट द्यायचं. लामाही आमच्याकडे तसाच आला, एका जुन्या विद्यार्थ्याच्या कडेवरून.

लाड तो करून घेई, पण आपल्यावर मेहेरबानी केल्यासारखे. मांडीवर बसणं त्याला कमीपणाचं वाटे. स्वतःच्या आकाराविषयी त्याचा संपूर्ण गैरसमज होता. सिलिंडरवाल्यापुढे तो सिंहासारखा उभा राही. ‘अस्सल पुणेकर आहे,’ बाबा म्हणत, ‘आलेल्याचं स्वागत करत नाही, चौकशी करतो.’

मग माझं हिंजवडीचं ऑफिस घरात आलं. ऐन मीटिंगमध्ये लामा भुंके. एकदा साहेब म्हणाले, ‘अहो, तुमच्यापेक्षा तोच मुद्द्याचं बोलतोय.’ सगळे हसले. मीही हसलो. एवढंच! याहून मोठं कारण असतं तर आज निदान त्याच्या आडोशाला उभं राहता आलं असतं. त्याच आठवड्यात एका दुपारी, बाबा झोपलेले असताना, मी लामाला हडपसरच्या एका सहकाऱ्याच्या बंगल्यावर नेऊन सोडलं. बाबांची संमती आहे, असं सहकाऱ्याला बेलाशक सांगितलं. बाबांशी बोलायचं ते वहीत लिहून. घरी येऊन वहीत लिहिलं, ‘फाटक उघडं राहिलं. लामा पळाला.’

पुढचे आठ दिवस संध्याकाळ झाली की बाबा चपला घालत आणि मला बरोबर घेत. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी थांबून ते सगळा जीव एकवटून हाक मारत, ‘लामाऽ!’ मग माझ्याकडे वळून म्हणत, ‘आता तू ऐक रे. तो ओ देईल, पण मला कळायचं नाही.’ आणि मी ऐकत असे! मान तिरकी करून, डोळे मिटून. कुकरच्या शिट्ट्या, रिक्षांची फुरफुर, परतणाऱ्या पोपटांचा कलकलाट यांतून, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला असलेलं एक भुंकणं वेगळं काढण्याचं सोंग मी करत होतो. मग मान हलवायची: नाही. ज्यानं आपले कान विश्वासानं माझ्या स्वाधीन केले, त्याला मी काय ऐकवलं? नवव्या दिवशी बाबा म्हणाले, ‘पुरे आता. माझ्यापायी तुला उगाच त्रास.’

परत आणायला मी दोनदा निघालो. दोन्ही वेळा अर्ध्यातून वळलो. आणला तर सांगणार काय होतो? पुढे सहकाऱ्याकडून कळलं, लामा तिकडे कधी भुंकलाच नाही. फाटकाकडे तोंड करून बसायचा, येणाऱ्याजाणाऱ्याकडे नुसता बघायचा. दोन वर्षांनी तो गेला. भुंकणार तरी कुणासाठी? त्या घरात सगळ्यांना ऐकू येत होतं.

बाबा आता पंच्याऐंशीचे आहेत. सकाळचं ऊन तेच, खुर्ची तीच, हात अजूनही तसाच खाली सोडलेला. मधूनच बोटं हलतात, नसलेल्या केसांतून फिरल्यासारखी. परवा मी न राहवून खुर्चीशेजारी जमिनीवर बसलो. तो हात माझ्या खांद्याला लागला, थबकला, आणि तिथेच टेकून राहिला. ‘कुणी आलंय का?’ बाबांनी विचारलं. मी वही ओढली. पेनाचं टोपण काढलं. मग लिहिलं, ‘नाही, मीच आहे.’

लामा पळाला नव्हता, मी त्याला देऊन आलो होतो, आणि त्या आठही संध्याकाळी मी काहीच ऐकत नव्हतो: एवढं त्या वहीत लिहून बाबांच्या हातात देणं माझ्याकडून अजून बाकी आहे.